मुरडीची करंजी

—नाही हो सोनवणेबाई, ऐकतेय मी, कान मोकळेच आहेत, हात तेवढा अडकलाय. हलवा आहे हा, संक्रांतीचा. परातीखाली मंद जाळ, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटं फिरवत राहायची — थांबलं की झाला गोळा. थंडी असली की काटा धरतो, आणि आमच्या मारुंजीत एवढे टॉवर उठले तरी थंडी अजून जरा शिल्लक आहे. ते झाकलेलं ताट ठेवा तिकडं, बघते सावकाश. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही संत तुकाराम नगरहून इतक्या लांब रिक्षा करून आलात, ते कशासाठी हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुमचा प्रबोध आणि आमची विजयश्री — चाकणला एकच कंपनी, एकच शिफ्ट, एकच बस. पुढचं कुणी सांगायला नको. पोरीचा बाप, म्हणजे माझा लेक, म्हणतो आई म्हणेल ते. म्हणजे नाही म्हणायचं काम आजीकडं. चहा घ्या, गार होतोय.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारी ख्रिश्चनांच्या घरचं खाणार नाही. वाटलं ना? चेहऱ्यावर दिसतंय. अहो, या मागच्या खोल्या बघा, सगळी आयटीची पोरं भाड्यानं. डिसेंबर लागला की माझ्या ओट्यावर जगाचा फराळ येतो. केरळची जिन्सी होती, तिच्या आईनं केक पाठवला, काळाकुट्ट, मनुकांनी गच्च — वास असा की डोकं हलकं व्हावं. मी खाल्ला, वर शेजारच्या हिंदुरावांना दिला. माळकरी माणूस, पण परत-परत मागून घेतला. म्हणाले, रुक्मिणीबाई, यात काहीतरी औषधी आहे, गुडघा मोकळा झाला. नंतर जिन्सी सांगते, आजी, मनुका रममध्ये भिजत घालतात. रम म्हणजे? — तर म्हणजे तीच. हिंदुरावांना मी अजून बोललेले नाही. तुम्हीही बोलू नका, दर नाताळला विचारतात बिचारे, केरळचं औषध आलं का म्हणून.

आणि तो गोव्याचा पोरगा, त्याचे कुलकुल — कंगव्यावर वळतात ते — नव्या कंगव्यावर हो, मीही आधी तेच विचारलं — दिसायला शिंपले, खायला आपले शंकरपाळे. बिहारची पोरं संक्रांतीला दही-चुडा आणि तिळकूट खाणार, पंजाबी लोहरीला रेवड्या वाटणार. नावं बदलून सगळे तीळच खातात आणि वर आमचंच खरं म्हणून भांडतात. एका वर्षी तर विजयश्रीच्या जर्मन साहेबानं पाव दिला, सगळा पिठीसाखरेत लोळवलेला. मला वाटलं बुरशी आली, मी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून काढली — हसा, हसा. मग ही सांगते, आजी, त्यांच्यात हा दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू समजतात. आता बाळ म्हटल्यावर सुरी चालते का हातातली? नाहीच चालली. शेवटी पोरीनं कापला, मी पाठ करून बसले. चव चांगली होती, पण.

तर खाण्यापिण्यावरून माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते — कसं सांगू — हा हलवा नुसता खायचा नसतो. लग्नानंतरची पहिली संक्रांत आली की नवरीला काळी साडी नेसवायची, अंगावर याचे दागिने घालायचे, हार, बाजूबंद, बांगड्या, काळ्यावर पांढरेशुभ्र असे उठून दिसतात — आणि हे सगळं करायचं सासरनं. तो मान सासूचा. आता तुमच्यात कुठली आली संक्रांत? म्हणजे अर्ध्या पिंपरी-चिंचवडच्या नवऱ्या मी सजवायच्या — कुणी शिकवलं नाही मला, चटके खाऊन शिकले — आणि माझ्या घरची पोर त्या दिवशी खिडकीतून दुसऱ्यांचे पतंग बघणार. गेली की गेलीच ती. मी तिला तोंडावर सांगितलं, त्या घरी केक मिळेल, करंजी कोण देईल तुला? रडली. रडू दे म्हटलं. — कुणाच्या? या हलव्याच्या बांगड्या होय, गिऱ्हाइकाच्या आहेत. ऑर्डर आहे. मनगट बारीक आहे ना पोरीचं म्हणून लहान घेतल्या, ती झोपली होती तेव्हा तिची बांगडी हळूच काढून माप—

पाकाचं पातेलं सरकवा जरा इकडं.

व्हय, तिच्याच आहेत. कुणाच्याही घरी दिली तरी लागतीलच की, तुम्ही हुरळून जायचं कारण नाही. यंदाच कशाला? कारण काटा थंडीतच धरतो, आणि पुढच्या वर्षीची थंडी मला भेटेल असं डॉक्टर काही लिहून देत नाही. डबा घट्ट लावला की हलवा वर्ष काढतो. माणसाचं तसं नाही. आणि चेहरा पाडू नका, मला आवडत नाही.

उघडा ते ताट. केकच असणार. — अगं बाई.

करंज्या. चिवडा. अनारसे. हे नाताळचं? तुमच्याकडं नाताळला फराळ करतात? तिकडं नगर जिल्ह्यात तुम्ही सगळेच करता? आणि मला कुणी बोललं नाही — विजयश्रीला ठाऊक होतं? मग रडली कशाला तोंड वर करून? — अस्सं. तिनंच तुम्हाला सांगितलं, आजीला बोलून पटायचं नाही, ताट घेऊन जा. माझ्यावर गेलीय कार्टी.

थांबा, थांबा. ही करंजी — हिला कातण लावलेलं नाही. कडेनं हातानं मुरड घातलीय, चिमटीनं, दोरीला पीळ द्यावा तशी. हल्ली कोण घालतं हो? आमच्या गौरी जायला निघाल्या की आम्ही शिदोरीला मुरडीचे कानवले देतो, म्हणजे गेली तरी मुरडून परत येते. आणि खरं सांगू, माझी मुरड तेलात सुटते. म्हणून मी कातणानं कापते आणि लोकांना सांगते, नक्षी छान दिसते. पण तुमच्यात गौरी नाहीत, मग तुम्ही कशाला एवढा कुटाणा करता?

काय म्हणालात? परत सांगा.

तुमची आई म्हणायची — लेकीच्या घरी ताट धाडायचं तर मुरड घालूनच धाडावं, लेक माहेराला विसरत नाही. तिला तिच्या आईनं सांगितलं. आणि आज हे ताट तुम्ही माझ्याकडं आणलंत. उलटं, सासरकडून माहेरी.

हं. सारण गोड आहे जरा. खोबरं बरं भाजलंय.

आता ऐका. काळी साडी इरकल घ्यायची, चमचमणारी नको. दागिने मी केले तरी अंगावर तुम्ही घालायचे, तुमच्या हातानं, तुमच्या दारात, आजूबाजूच्या बायका बोलावून. पेढे वाटा, केक वाटा, माझी ना नाही. आणि दुसऱ्या दिवशी पोर इकडं आली पाहिजे. जमेल? मान काय हलवता, तोंडानं सांगा.

बरं. मग उठा आता. रडायचंच असेल तर रिक्षात बसून रडा — इथं पाकात पाणी पडलं तर काटा धरायचा नाही.