धुऱ्यावर गाडी अन् मचाणावर मी

...अन् वरून ते बाई मलेच इचारते, "काका, तुम्ही तोंड का फिरवलंत?" तुमाले सांगतो राजेहो, भर दुपारी, माह्याच बगीच्यात, माह्याच मचाणावर बसलेल्या माणसाले हा सवाल! अरे, मी वांदरं हाकलाले बसलोतो!

कारंज्याच्या हायवेपासून थोडा आत माहा संत्र्याचा बगीचा. झाडं वाकलीती, व्यापारी पुढच्या हप्त्यात तोडाले येणार, अन् वांदराईची टोळी अशी बेकार की एक संत्रा खाईन अन् दहा नासवीन. म्हणून मी वर, हातात गोफण. तर रविवारी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, एक पांढरी गाडी लागते, त्यातून एक जोडपं उतरते, चटई टाकते, अन्... आता पुढचं कसं सांगू, इथं बाया बसल्या हायेत! म्या वरडलो, "ए! वर माणूस हाये!" तर तो निशांत, नागपूरचा, बँकेत सायेब हाये म्हणे, चष्मा पुसत म्हणते, "माहीत आहे काका. म्हणूनच तर इथे थांबलो."

म्हणूनच!

अन् त्याची ती चारुता, चांगली चाळिशीतली बाई, शाळेतल्या मॅडमसारखी समजावून सांगते, "आम्ही नवरा-बायको आहोत काका. कोणी पाहत असलं की आम्हाला छान वाटतं. पण तुमची संमती असेल तरच हं!" संमती! माह्या वावरात तारेचे खांब गाडले तवा कोणी इचारलं नाई, माह्या लग्नात माह्या बापानं इचारलं नाई, अन् हे चटईवर बसून संमती मागून राह्यले! माहा दिमाग असा सटकला म्हणता! फिरवली पाठ. अरे, मी वांदरं हाकलाले बसलोतो ना!

पाठ फिरवली तर समोर काय? पूर्ण टोळी झाडावर ओळीनं बसलेली, पिल्लं पोटाशी, डोळे धुऱ्याकडं, अन् एकाच्याही हातात संत्रा नाई! टोळीच्या म्होरक्या हुप्प्यानं तर मले हातानं इशारा केला, बाजूले सरक! अन् खालून चारुता, "अय्या निशांत, बघ ना, किती जण आहेत!"

तेवढ्यात माही बायको रुख्मा डबा घेऊन आली. तिनं चटई पाह्यली, मले पाह्यलं. "मचाण कायले बांधलं ते आत्ता समजलं मले! लाज नाई वाटत या वयात?" "अवं, मी वांदरं हाकलाले बसलोतो!" "मंग हाकलत काऊन नाई?" माह्या हातची गोफण हिसकली, गोटा घातला, अन् मारला थेट गाडीच्या टपावर! चटई सोडून पळाले नवरा-बायको.

गावात तोंड दाखवाची सोय नाई राह्यली. शेजारच्या वावरातला भैयाजी, इतक्या वर्षांत कधी राखणीले आला नाई तो, आता गोड बोलून इचारते, "लक्ष्मणराव, मी येऊ का बसाले मचाणावर?" मराले ये लेका!

अन् वांदरं? गाडी गेली अन् उतरली ना बगीच्यात! करमणूक बंद, जेवण चालू. अर्धा बगीचा साफ! व्यापारी आला, पाहून तसाच वापस गेला.

काल सांजच्याले रुख्मा कुरतडलेला संत्रा हातात घेऊन आली. म्या मान खाली घातली, म्हणलं आता बोलणी ऐका. तर इकडंतिकडं पाहून हळूच म्हणते कशी, "अवो, त्या नागपूरवाल्याईचा फोन नंबर हाये का? म्हणा, रोज या. चटई इथंच हाये."

...आता बसतो वाट पाहत. पाठ फिरवून.