नावाखालची फुली

मंगरूळपीर तहसीलच्या रांगेत माझ्यापुढे मायलेक उभे होते. लेक टायपिस्ट. सातबाऱ्यावर मायचं नाव चढवायचा अर्ज त्यानेच टाईप करून आणला होता.

“इंद्रभान, माह्या नावाखाली ही फुली कायची?”

“अंगठ्याची जागा हाय, माय. मशीनवर फुलीची कळ नसते. आडवी रेघ मारायची, गाडी एक घर मागं घ्यायची, अन् तिच्यावरच उभी रेघ मारायची.”

“मस्त जमली. पन मले सही येते.”

“तुले? कवापासून?”

“तू अकोल्याले टायपिंग शिके, तवा विहारात बायाइची शाळा भरे.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“चिठ्ठी धाडली होती ना तुले.”

“ते तं शेजारच्या पोरानं लिहून देली होती!”

“तू घरी आला अन् अक्षराले हासला. इचारलं, कोन्या पोरानं लिहिली? मी म्हटलं, शेजारच्या.”

“माय, दे तो कागद. दुसरा टाईप करून आनतो.”

“नंबर आला आपला. आता बदलला तं साहेब इचारतीन, मायले सही येते हे तुले मालूम नोतं का?”

“इचारू दे.”

“राहू दे, बापा. अंगठाच लावतो मी.”