कोपऱ्यातली तारीख

— बाबा, दार लावलंय मी. आता खरं सांगा. लुओकाकांना सकाळी शिपाई घेऊन गेले, ते चित्रासाठीच ना?

— हळू बोल, लान्यिंग. हो. डोंगराच्या चित्रासाठी.

— डोंगर काढला म्हणून?

— डोंगरासाठी नाही. खाली तारीख घालताना नुसतं संवत्सर लिहिलं. बादशहाचं नाव गाळलं.

— म्हणजे जुन्या गादीला मानणारा, असं धरतात.

— तसंच धरतात.

— आणि नवे सुभेदार आज दुपारी तुमचा डोंगर बघायला येणार. तो खाली घ्या, बघू द्या मला... अहो बाबा! यावरही नुसतं संवत्सरच आहे!

— माहीत आहे मला. सकाळपासून तेच बघतोय.

— तीस वर्षं याच दरबारचं मीठ खाल्लंत. तुम्ही कसले बंडखोर? मांजर अंगावर आली तरी खुर्चीवर चढता.

— त्या सकाळी तुझ्या आईने शाई घासून दिली. ‘तुमचे डोंगर म्हणजे करपलेल्या भाताची ढेकळं,’ म्हणाली. दुपारी ती गेली. घासायच्या दगडावर तिची शाई अजून ओली होती. वाळायच्या आत हा डोंगर काढला. खाली तो दिवस लिहिला. तिच्या जाण्यावर बादशहाचं नाव कशाला घालू?

— मग हेच सांगा सुभेदारांना.

— लुओनेही काहीतरी सांगितलंच असेल की.

— बरं, नाव आता घाला. जागा आहे वर.

— सुभेदार स्वतः चित्रं काढतात, पोरी. नवी शाई लांबून ओळखतील. तुझ्या आईसारखी शाई मला घासता येत नाही.

— मग सांगा, चित्र हरवलं.

— परवा चहाला त्यांनी विचारलं, तेव्हा मीच फुशारकीने म्हणालो, भिंतीवर आहे, या बघायला.

— बाबा, माझी मुलं याच घरात आहेत. तुमच्याबरोबर त्यांनाही नेतील.

— कात्री आण.

— सगळं फाडणार?

— कडेची पट्टी. तारखेपुरती. शिखराचा खांदा जाईल, जाऊ दे. म्हणेन, वाळवी लागली म्हणून कड कापली... मला नाही कापवत. मी कागद धरतो, तू काप.

— मी? तिच्या दिवसावर?

— काप. सरळ खाली. श्वास रोखू नकोस, कागद तिरका जाईल.

— झालं. द्या, चुलीत टाकते.

— चुलीत नको. तिच्या नावाच्या पाटीपुढे, उदबत्तीच्या भांड्यात जाळ. तिच्यासाठी कागदी कपडे जाळले, ते पोचले म्हणतात. हेही पोचेल.

— वासाने संशय नाही येणार?

— बायको गेलेल्या घरात वास यायचाच.

— बाबा, घंटा! पालखी वळली गल्लीत. हा काठ ओला आहे, पेटत नाहीये.

— माझ्याच हाताचा घाम तो. फुंकर घाल.

— पेटला. दार वाजतंय, बाबा. मी जाऊ?

— थांब. पुरता जळू दे. अर्धी तारीख पोचली तर ती विचारत बसेल.