आईची कातडी

यवतमाळच्या दवाखान्यात बायकांच्या रांगेत सात महिन्यांची गरोदर वच्छला उभी होती. पुढं तांड्यावरची धनीबाई रांगेतल्याच इंदूबाईला आपल्या भाजलेल्या लेकीचं सांगत होती.

"डॉक्टरनं माह्या मांडीची कातडी काढून पोरीच्या हातावर लावली."

"मंग?"

"आठ दिवस चांगली दिसली. मंग काळी पडली अन् गळून गेली."

"आईची कातडी गळली? काहून वं?"

"डॉक्टर म्हनते, आंगाले आपलं-परकं वळखू येते. आपल्याच्या वाटेले जात नाही, परक्याले हाकलून देते."

"आई परकी?"

"मीबी तेच म्हनलं! मंग तिच्याच मांडीची लावली. ते मातर धरली. काल त्याच हातानं भाकर मोडली तिनं."

"सुटली बाई पोरगी."

"सुटली. पन मले एक समजत नाही. तिच्या आंगानं माही इतभर कातडी ठेवली नाही, अन् माह्या आंगानं तिले नऊ महिने पोटात कशी राहू देली?"

वच्छलाला राहवलं नाही. "डॉक्टर काय म्हनले मंग?"

दोघींनी मागं वळून पाहिलं.

"म्हनले, आमालेबी अजून समजलं नाही. तुले कितवा वं?"

"सातवा."

"मंग तुह्या आंगालेच इचारून पाह्य."