नांग्याची शिट्टी

—नाय हो दादा, खोटं कशाला सांगू, मी शेंगा विकायला बसलेय खरी, पण आज माजा जीव शेंगांत नाय. ते चित्र बघा तंबूच्या दारावर—हां, तेच, लाल खेकडा, एक नांगी ही एवढी, एक बारकी—तो आमचा नांग्या. चितरांचा शिनेमा. तुमी म्हणाल, एवढी घोडी झाली, पोरं पदराशी, आणि चितरं बघायला नाचतेय. नाचतेय तर नाचतेय! आमी लहान होतो तेव्हा भात झोडून झालं की कर्जतला ह्याच शेतात तंबू लागायचा, आणि मोठ्या खेळाच्या आधी नांग्याचा एक तुकडा दाखवायचे. इवलासा. दर साली पुढचा. मग वरीसभर दुसरं बोलणं नाय, मी आणि माजा भाऊ पदू, गुरांमागं तेच, जेवताना तेच—आय वैतागायची. आणि एका साली तुकडा आला तो मधेच थांबला, आणि त्यानंतर नांग्या आलाच नाय. आता आलाय. एवढ्या वर्सांनी, सगळा, पुरा, थांबला तिथनंच पुढं. सकाळपासनं घास उतरला नाय माज्या घशाखाली. घ्या की शेंगा, गरम हायत.

कुठं थांबला? ऐका. नांग्या बांधावरच्या बिळात राहायचा, त्याची बहीण चिंबी बाहेर, आणि वर बगळा टपलेला. नांग्या बिळातनं शिट्टी घालायचा—येऊ का? बगळा नसला की चिंबी उलट शिट्टी द्यायची—ये. बगळा असला की गप्प. शिट्टी नाय आली की नांग्या आतच, मागच्या मागं दुसऱ्या बिळात पसार. एवढंच बघा! पण तंबूत काय व्हायचं—पोरं नांग्याची शिट्टी घालायची, पोरी चिंबीची, मशीनवाला शिव्या घालून थकायचा. शेवटच्या तुकड्यात चिंबी पडली आजारी. बगळा आला बिळाच्या तोंडाशी, आणि मेल्यानं चोच उघडून चिंबीची शिट्टी घातली. हुबेहूब! आत नांग्या एक पाय पुढं टाकतो—आणि पडदा पांढरा. पदू म्हणायचा, जने, तो नाय येणार, बहिणीची शिट्टी भावाला कळते. मी म्हणायची, येईल रं, बिळात सगळं सारखंच ऐकू येतं. ह्यावरनं आमी एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात.

कोण, पदू? मुंबईला असतो. गिरणीत. लई दिवसांत आला नाय. —आज? आज येईल की! नांग्या आलाय आणि पदू नाय येणार, असं कसं? निरोप धाडलाय मी मोळीवालीसंगती. आता डोंगर उतरायचा म्हणजे दिवस बुडायलाच—म्हणजे गाडी. गाडीला उशीर होतो ना हल्ली. हसता काय? बरं, बोलले तर बोलले. तुमी काय परके नाय, तुमीच म्हणालात मघाशी, मी पण नांग्याच्या नादातला, लहानपणी पनवेलला बघायचो. नांग्यावाला माणूस वाईट नसतो. तर पदू साजगावाला एका कारखान्यात होता. यंत्रात हात गेला, डाव्या हाताची दोन बोटं. मला म्हणतो, जने, झालो गं मी नांग्या, एक नांगी बारकी—आणि हसतो हो मेला! मी रडतेय आणि हा हसतोय. मग संप झाला, दगड पडले, एक मुकादमाच्या डोक्याला लागला आणि मुकादम गेला. एवढ्या गर्दीत दगड कुणाचा, कुणी बघितला? पण नाव आलं पदूचं. मालकाची माणसं घरी आली, आमच्या म्हाताऱ्या आयला ओटीवरनं ढकलली. ती माणसं म्हणाली, पोलिसांच्या आधी तो आमाला गावू दे. तेव्हापासनं असतो कुठंतरी. कोंडाण्याच्या लेण्यांकडं नाय. कोंडाण्याचं नाव मी घेतलं नाय.

भेटणार कसा? आता हा कर्णा बोंबलतोय, ह्यात हाक मारली तर बाजूच्याला ऐकू येत नाय. शिट्टीच जाते. तो त्या पलीकडच्या बांधाला येऊन नांग्याची घालील, मी चिंबीची देईन, मग अंधारात मागनं आत, खेळ सुटायच्या आधी बाहेर. कुणाला कळतंय! —कशी म्हणजे? अहो, मग तुमी कसले नांग्यावाले! बघा, ही दोन बोटं अशी, जीभ मागं दुमडा, फुंका. नाय, नुसता वारा गेला. परत. हां, आता बरी. शेवटाला ओढायची आणि खाली आणायची. माजा पुढचा दात पडलाय ना, त्यानं माजी जराशी फाटते, पदू त्यावरनंच ओळखतो—हां, तशी, ओठ थोडा सैल सोडा—अगं बाई! जमली की! डोळे मिटले तर वाटेल जनीच.

जावा आता, तिकीट काढा, रांग वाढली. नाय काढायचं? का हो? एवढ्या लांबनं आलात आणि—ते पानवाल्यापाशी दोघं उभे हायत, तुमच्या वळखीचे का? मघापासनं तुमच्याकडंच बघतायत. तो जाडा... त्याला मी कुठं बघितलाय? आमच्या ओटीवर. आयला ज्यानं—दादा, एक सांगा. नांग्याच्या बिळावर झाड कसलं होतं? चितरात हो. कुठल्याबी पोराला ठाऊक हाय. आठवा की. पनवेलला बघायचात ना? ...अच्छा.

मग ऐका, मी बोलले ते सगळं खोटं. मला सवयच हाय बडबडायची. पदू मुंबईला हाय, त्याला चितरं आवडत नायत. उठा. शेंगा संपल्या. माज्या जागेवरनं उठा म्हणते ना!

—ती शिट्टी? ती पोरं घालतायत, तंबूपाशी. पोरंच ती. बांधावर कुणी नाय. परत घालूदे, दहांदा घालूदे, मी उत्तर देणार नाय. हे बघा, तोंड मिटलं मी. मी गप्प, म्हणजे तो जाईल मागच्या मागं. त्याला ठाऊक हाय, लहानपणापासनं ठाऊक हाय. बसा मग रात्रभर टपून.

दादा. बोटं खाली घ्या. तुमच्या पाया पडते मी, तुमाला बहीण असंल—दादा, तोंडातली बोटं—