डबीतला कापूस

जयभीम. सगळ्यांना जयभीम.

माय, वहिनी, मंडळी, मला बोलता येत न्हाई. माईक धरायची ही पहिलीच वेळ, ती पण भास्करदादांच्या शोकसभेत. मी मागं चपलांपाशी उभा होतो. वहिनी आल्या, म्हणल्या, "तुम्ही ह्यांचे कोण?" मी नुसता रडाय लागलो. वहिनी म्हणल्या, "मंग समोर येऊन सांगा." म्हणून आलो.

मी किशोर. शहागडला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान हाय. भास्करदादा आरोग्याच्या कामाला होते, हे तुम्हाला माहीत. काम नेमकं काय, ते कुणी विचारलं का? दादा माझ्यासारख्या पोरांना भेटायचे. माझ्यासारख्या म्हंजी, ज्यांचं मन पोरींवर बसत न्हाई, पोरांवर बसतं.

थांबा. उठू नका, काका. ऐका जरा.

अशा पोरांना एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी असती. आजार झाल्यावरची न्हाई, होऊ नये म्हणून. गोळी मिळती. पण भ्यालेला माणूस ती तोंडात टाकीत न्हाई. ते भ्या काढायचं, हे दादांचं काम.

मी दुकानामागच्या खोलीत एकटाच राहतो. तरी गोळ्यांची डबी खुळखुळली की घाबरायचो. आवाज होऊ नये म्हणून गोळ्या पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या डब्यात चिंध्यांत गुंडाळून ठेवल्या. असा वास लागला त्यांना, की गोळी घेतली अन् भडाभडा ओकलो. वाटलं दादा रागावतील. ते पोट धरून हसले. म्हणले, "येड्या, ट्यूब जोडायची का आतडी?"

मंग नव्या डबीत त्यांनी घरचा कापूस कोंबला. तुमच्याच रानातला, माय. आवाज बंद झाला. म्हणले, "सध्या असू दे. पुढं तूच काढशील."

दादा कधी "गोळी घेतली का" म्हणून दरडावायचे न्हाईत. विचारायचे, "गोळी हातात घेतली की मनात पहिलं काय येतं?" मी म्हणलो, "लोक काय म्हणतील." म्हणले, "लोक म्हंजी कोण? नावं सांग." मी सांगितलं, चहावाला, माझा आतेभाऊ, गल्लीतले मास्तर... अन् अडकलो. दादा म्हणले, "बस? एवढ्याच लोकांना भिऊन राह्यला का?"

त्यांनीच सवय लावली. संध्याकाळी कंप्रेसर बंद केला की गोळी, तेवढ्यात त्यांचा फोन यायचा. मंग एकेक अभ्यास द्यायचे. डबी खिशात घेऊन चहा पिऊन ये. डबी फळीवर ठेव, सगळ्यांना दिसंल अशी. शेवटचा अभ्यास होता, चार माणसांसमोर गोळी घ्यायची. मी म्हणायचो, "दादा, पुढच्या बारीला." ते म्हणायचे, "घाई कुणाला हाय?"

घाई कुणाला हाय म्हणणारा माणूस झोपेतच निघून गेला, मंडळी.

मला कळवणार कोण? मी फोन लावून राह्यलो, लागंना. शेवटी इथल्याच एका ट्रकवाल्यानं सांगितलं, टायर खोलता खोलता. मी टायर जोडून दिला. गळ्यात पडून रडावं असं शहागडात मला कुणी न्हाई. दादा भेटायचे अशी माझ्यासारखी लई पोरं होती. पण दादांनी एकाचं नाव दुसऱ्याला सांगितलं न्हाई कधी. बराबरच होतं ते. पण आज त्यातला प्रत्येकजण आपापल्या खोलीत एकटाच रडत असंल. इथंही कुणी असंल. मी त्याला वळखत न्हाई. भावा, तू असशील तर गोळी सोडू नको.

आज मी दुकान उघडलंच न्हाई. कंप्रेसर चालूच केला न्हाई, तर बंद कधी करणार? दादांचा फोनही येणार न्हाई. येताना एस्टीत बसून डबीतला कापूस काढला. हा बघा, माय. काळा पडलाय. माझ्या हातांचं ऑईल लागलंय.

माझा एवढाच संबंध, वहिनी. दुसरा न्हाई.

आता दादांसाठी जरा वेळ गप उभे राहू. त्यात डबी वाजंल. वाजू द्या. ज्याला बघायचं त्यानं बघावं. कुणीतरी मला घोटभर पाणी द्या.

दादा, शेवटचा अभ्यास करून राह्यलो. जयभीम.