दाराआडच्या काकू

मी: आई, मैत्रिणींनी पैज लावलीय, म्हणून विचारते. तुला ज्या संशोधनाचा पुरस्कार मिळतोय, त्यातली न बोलणारी मुलगी मीच ना?

आई: आधी दप्तर खाली ठेव.

मी: म्हणजे मीच.

बाबा: कुणी सांगितलं तुला?

मी: सांगायला कशाला हवं? काल हिनं आमच्या शाळेत व्याख्यान दिलं. घरात पोपटासारखी बडबडणारी, उंबऱ्याबाहेर तोंडाला कुलूप. पाहुणे आले की पडद्यात गुंडाळून घेणारी. अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघत होता.

आई: मी नाव घेतलं नव्हतं.

मी: पडद्याचा रंगसुद्धा सांगितलास गं.

बाबा: ते जरा जास्तच झालं.

आई: तू मध्ये पडू नकोस. हे बघ पिल्लू, त्या पद्धतीनं कितीतरी मुलं बोलायला लागली. आधी अनोळखी माणूस बंद दाराआड, मग दार थोडं किलकिलं, मग...

मी: आठवतात मला दाराआडच्या काकू. मला वाटायचं, आपण दोघी खेळतोय आणि त्या आपलं ऐकायला आल्यात.

आई: खेळतच होतो.

मी: मी खेळत होते. काकू टिपून घेत होत्या. तू काय करत होतीस?

आई: घाबरले होते. कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायची आणि माझीच लेक बाईंकडे पाणी मागता येत नाही म्हणून तहानलेली घरी यायची. उपाय लागू पडतोय असं दिसलं, तेव्हा कुठे ते टिपणं, संशोधन सुरू केलं.

मी: मग मोठी झाल्यावर तरी सांगायचंस.

आई: सांगणार होते. राहून गेलं.

बाबा: समारंभाचंही राहून जाणार आहे का?

मी: समारंभाचं काय?

आई: आयोजकांनी विचारलं, ती मुलगी व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलेल का. मी हो म्हटलं.

मी: माझ्या वतीनं.

आई: तू हल्ली वादविवादात भल्याभल्यांना गप्प करतेस. वाटलं, ऐकून उड्या मारशील.

मी: मारल्याही असत्या, विचारलं असतंस तर. आता वाटतंय, मी जादूगाराच्या टोपीतला ससा आहे. कान धरून वर काढायचा आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

बाबा: तसं नाही गं...

आई: तसंच आहे. बोलू दे तिला.

मी: रडू नकोस ना. तू रडलीस की मला भांडता येत नाही.

आई: मी त्यांना नाही म्हणून कळवते. तू येऊही नकोस हवं तर.

मी: हे बघ, पुन्हा तूच ठरवतेयस. दोघंही ऐका. मी येणार. पहिल्या रांगेत बाबांशेजारी बसणार. तुझं नाव पुकारलं की हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवणार. आणि कुणी विचारलं, ती मुलगी कुठेय, तर सांग, ती आलीय. पण आज तिला बोलायचं नाही.